उलटा ठेवलेला कागद

मालिनी पांढरीपांडे हे नाव अमेरिकेतल्या कुठल्याच फॉर्मच्या चौकटीत मावत नसे. कुठे शेवटचा 'डे' गळून पडे, कुठे 'पांडे' पूर्णच नाहीसं होई. सनीव्हेलच्या दातांच्या दवाखान्यात तिला सगळे 'मिसेस पांढरी' म्हणत आणि ती निमूट ओ देई. दोन हजार चारच्या जूनमध्ये ती लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेला पहिल्यांदा बसली, तेव्हाही उत्तरपत्रिकेवर आडनावाचे गोल काळे करता करता चौकटी संपल्या. शेजारच्या बाकावरची विशीतली मुलगी तोवर पेन्सिल खाली ठेवून खिडकीबाहेर बघत होती.

घरी आल्यावर रवींद्रने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, विचारलं, "कसा गेला पेपर?"

"नाव लिहीपर्यंत चांगला गेला," मालिनी म्हणाली.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. एकशे वीस ते एकशे ऐंशी असे गुण मिळतात, तिला एकशे एकोणपन्नास मिळाले. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, हे पहिल्या पानावर छापलेलं असूनही तिने अकरा प्रश्न कोरे सोडले होते. रवींद्रला ते पटेना.

"अगं, काहीही काळं करायचं! पाचातलं एक बरोबर येतंच की."

"खात्री नसताना?"

"परीक्षेत खात्री कोण मागतंय? उत्तर मागतायत."

मालिनी छत्तीस वर्षांची होती. माहेर अकोल्याचं, इंजिनिअरिंग नागपूरचं. सनीव्हेलच्या एका चिप कंपनीत तिने सात वर्षं काम केलं. चिप बाजारात जाण्याआधी ती कुठे अडखळते हे शोधायचं, असं तिचं खातं होतं. दुसऱ्याच्या कामातली चूक तिला दुरून दिसायची. दोन हजार तीनमध्ये कंपनी बंद पडली. तोवर दोघांचं ग्रीन कार्ड आलं होतं, त्यामुळे देश सोडायची वेळ आली नाही. पण परत कुठल्या चिपच्या टेबलाशी बसायचं तिच्या मनात नव्हतं. कंपनीत पेटंटच्या कामासाठी एक वकील यायचे, त्यांचं एकेक शब्द तपासून प्रश्न विचारणं तिला आवडायचं. आपण हे करावं, असं तिने ठरवलं.

ठरलं असं, की ऑक्टोबरमध्ये आणखी एकदा बसायचं आणि ती शेवटची खेप. दोन्ही वेळच्या गुणांची सरासरी धरत असत, त्यामुळे तिसऱ्यांदा बसण्यात अर्थ नव्हता. जमलं तर जवळच्या कॉलेजात संध्याकाळचे वर्ग. नाही जमलं तर पुन्हा तेच टेबल, तेच काम. रवींद्रला यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे, ते कळत नव्हतं. त्याला मालिनीने सगळं सांगितलंच नव्हतं.

या परीक्षेत कायदा विचारत नाहीत. एक छोटा उतारा असतो, त्याखाली प्रश्न आणि पाच उत्तरं. पस्तीस मिनिटांत असे पंचवीसेक प्रश्न. तीन उत्तरं लगेच बाद होतात, उरतात दोन. ती दोन जुळ्या बहिणींसारखी असतात. त्यांतली एक निवडायला मिनिटभरसुद्धा मिळत नाही, आणि मालिनी नेमकी तिथे थांबायची.

दर शनिवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सराव चाले. रवींद्र अंड्याच्या आकाराचा टायमर पिळून समोर ठेवी आणि कांदा चिरत बसे.

"गावात नवे दिवे लावले, चोऱ्या कमी झाल्या," मालिनी वाचायची. "म्हणून महापौर म्हणतो, दिव्यांमुळे चोऱ्या कमी झाल्या. त्याचं म्हणणं कशाने सर्वांत जास्त लंगडं पडतं? बी, शेजारच्या गावांत दिवे न लावताही चोऱ्या तेवढ्याच कमी झाल्या. डी, गावातल्या काही लोकांनी त्याच महिन्यात कुत्री पाळली."

"बी," रवींद्र कांद्यातून म्हणाला. "काही लोक म्हणजे किती? दोघं? दोघांच्या कुत्र्यांनी गाव राखलं?"

"हो, बीच."

"मग कर ना काळा गोल."

"पण डीमध्येही..."

"डी तूच आत्ता खोडलंस! मेलेल्याला कशाला उठवतेस यार?"

मालिनीने पेन्सिल खाली ठेवली. टायमर टिकटिकत राहिला. रवींद्रने तिच्याकडे पाहिलं. कांद्याने त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं, पण चेहरा तिचा उतरला होता. आपण काय बोललो, हे त्याला समजलं नाही.

एके काळी ती अशी नव्हती. वांगी निवडायला तिला कधी दुसऱ्यांदा हात फिरवावा लागला नव्हता. गाडी घेताना पहिलीच पाहिली आणि घेतली. हे रेंगाळणं तीन वर्षांपूर्वी सुरू झालं, दोन हजार एकच्या नोव्हेंबरमधल्या एका सकाळी.

त्या सकाळी अकराला बारा मिनिटं कमी असताना तिचा मॅनेजर ब्रायन तिच्या टेबलाशी आला. तो कधी बसत नसे, त्या दिवशी बसला. कामावरून कमी करायला तिच्या हाताखालच्या सात जणांतलं एक नाव हवं होतं, अकरापर्यंत. वरून यादी मागितली होती. पाच जणांना हात लावायचा नव्हता. उरले दोन, गिरीश भुसारी आणि फेंग.

"दोघंही चांगले आहेत, मला माहीत आहे," ब्रायन म्हणाला. "म्हणून तर तुला विचारतोय. नाव आणि एका ओळीचं कारण. सही करून आण."

गिरीश आणि फेंग एकाच महिन्यात लागलेले. शेजारी शेजारी बसत, एकाच प्रकारचं काम करत, एकमेकांच्या डब्यातलं खात. वर्षाच्या शेरेबुकात दोघांना सारखाच शेरा. दोघंही व्हिसावर, म्हणजे नोकरी गेली की देशही गेला. गिरीश अमरावतीचा, सत्तावीस वर्षांचा, उंच आणि जरा वाकून चालणारा. तो मालिनीला ताई म्हणे. दोनच आठवड्यांपूर्वी दिवाळीत तो तिच्या घरी चकल्या तळायला आला होता आणि तळताना निम्म्या खाऊन गेला होता.

ऑफिसात त्याची एक सवय होती. प्रिंटर लांब, कोपऱ्यावर होता. गिरीश स्वतःचा कागद आणायला गेला की तिथे पडलेले सगळ्यांचेच कागद उचलून आणी आणि ज्याचे त्याच्या टेबलावर ठेवी.

"तू काय शिपाई आहेस का रे सगळ्यांचा?" मालिनी एकदा म्हणाली होती.

"एका फेरीत सगळ्यांचं होऊन जाते, ताई. सात जण सात वेळा काहून उठायचं?"

कागद तो नेहमी उलटा ठेवी, छापलेली बाजू खाली. कुणाचं काय आहे ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू नये म्हणून.

त्या सकाळी मालिनीने दोघांची नावं एका चिठ्ठीवर लिहिली. चांगलं काय ते लिहायला लागली तर दोन्हीकडे सारखंच भरत गेलं. सहा मिनिटं गेली. मग तिच्या मनात आलं, गिरीशला ठेवलं तर उद्या लोक म्हणतील, आपल्या माणसाला ठेवलं. तो ताई म्हणतो, घरी येतो, सगळ्यांना माहीत आहे. तसं कुणी म्हणू नये. एवढं एकदा मनात आल्यावर ती गिरीशमधली चूक शोधायला लागली. चूक शोधणं तिला येतच होतं.

सकाळची मीटिंग साडेनऊला असे. गिरीशकडे गाडी नव्हती. तो कॅलट्रेनने येई आणि स्टेशनवरून कंपनीची शटल त्याला नऊ चाळीसला दारात सोडी. तिने लिहिलं, 'सकाळच्या मीटिंगला नियमित उशीर.'

लिहिलेलं खरं होतं. फक्त एवढंच, की सहा महिन्यांपूर्वी गिरीश हप्त्यावर गाडी घ्यायला निघाला होता तेव्हा मालिनीनेच त्याला अडवलं होतं. "दहा मिनिटांनी काही बिघडत नाही. गाडीची घाई करू नकोस. ब्रायनशी मी बोलते." आणि ब्रायनशी बोलायचं ती विसरून गेली होती.

अकराला चार मिनिटं कमी असताना तिने फॉर्म प्रिंटरला पाठवला. तेवढ्यात फोन वाजला. वरच्या ऑफिसातून भुसारीचं स्पेलिंग विचारत होते. ती फोनकडे तोंड करून एकेक अक्षर सांगत होती, हळू आवाजात.

इथून पुढे तिला दोन आठवणी होत्या. एकीत ती फोन ठेवते, प्रिंटरपाशी चालत जाते, कागद उचलते. कागद गरम आहे. दुसरीत ती फोन ठेवून वळते आणि कागद तिच्या टेबलावर आहे. उलटा. दोन्ही सारख्याच स्पष्ट. सही केल्याचं आठवत होतं, ब्रायनला नेऊन दिल्याचं आठवत होतं. मधला तेवढा तुकडा मात्र दोन तऱ्हांनी उरला होता, आणि ती त्यातलं एक खोडू शकत नव्हती.

दुपारी गिरीशला बोलावून घेतलं. दोनला तो खोका घेऊन बाहेर पडला. मालिनी त्या वेळी मुद्दाम लॅबमध्ये जाऊन बसली होती.

तीन आठवडे त्याने दुसरी नोकरी शोधली. त्या वर्षी त्या गावात ती कुणालाच मिळत नव्हती. मग परत जायच्या आदल्या दिवशी तो मालिनीकडे आला, भाताचा कुकर, इस्त्री आणि अर्धी पिशवी पोहे घेऊन. "तुमच्या कामी येईल," म्हणाला. चहा प्यायला. रवींद्रशी विमानाच्या तिकिटाबद्दल बोलला. निघताना दारात बूट घालायला वाकला आणि वाकलेल्या अवस्थेतच त्याने विचारलं, "ताई, तुम्हाला आधी माहीत होतं का?"

मालिनीने क्षणभरसुद्धा घेतला नाही. "नाही रे. मलाही त्याच दिवशी कळलं."

"हं," गिरीश म्हणाला. नाडी बांधून सरळ झाला, तिच्याकडे पाहून हसला. "येतो ताई. तब्येतीला जपा."

सराव चाले त्या टेबलावर तो कुकर अजून होता. रवींद्र त्यातच भात लावी.

मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मालिनी सार्वजनिक ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत वर्गाला जाई. शिकवायला हॅलोरन नावाचे गृहस्थ होते, निवृत्त वकील, सत्तरीचे, विणलेलं जाकीट घालणारे. वर्गात बारा मुलं आणि मालिनी.

"शेवटी दोनच उरतात," हॅलोरन दर तासाला सांगत. "दोघांत चांगलं काय आहे ते पाहू नका. दोघांतही चांगलं आहेच, ते घालूनच ठेवलेलं असतं. एकातली चूक शोधा. सापडली की खोडा आणि पुढे चला. वळून पाहायचं नाही."

मालिनी पहिल्या दिवशी हे ऐकून वहीत लिहायची थांबली. आपल्याला हे आधीच येतं, असं तिला वाटलं. ते वाटणं सुखाचं नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी हॅलोरननी तिला वर्गानंतर थांबवून घेतलं. तिच्या सरावाच्या पानांवर खोडलेली उत्तरं पुन्हा रबराने पुसून जिवंत केलेली होती, जागोजाग कागद झिजला होता.

"मिसेस पांढरी, वेळेचं बंधन नसलं तर तुमचे जवळजवळ सगळे प्रश्न बरोबर येतात. मग घड्याळ लावल्यावर हे काय होतं?"

"मी खोडलेलं बरोबर असेल तर?" मालिनी म्हणाली.

"तर एक गुण जाईल."

म्हाताऱ्याने चष्मा काढून पुसला.

"एक सांगतो. मुलांना सगळ्यात जास्त फसवतं ते साफ खोटं उत्तर नाही. फसवतं ते जवळजवळ खरं असलेलं उत्तर. त्यातला शब्दन् शब्द उताऱ्यात असतो, फक्त ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नसतं."

मलाही त्याच दिवशी कळलं. ग्रंथालयाबाहेर येऊन मालिनी गाडीत बराच वेळ किल्ली न फिरवता बसून राहिली. शब्दन् शब्द खरा होता.

ऑक्टोबरमधल्या शनिवारी रवींद्रने तिला परीक्षेच्या कॉलेजापाशी सोडलं. डब्यात पोळीभाजीचे रोल आणि केळं दिलं, स्वतःचं काट्यांचं घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं. टायमर आत नेऊ देत नव्हते.

"आज मेलेल्यांना उठवायचं नाही," तो म्हणाला. मग तिच्याकडे पाहून गंभीर झाला. "मालू, काय आहे नेमकं? मला सांगशील?"

"आल्यावर सांगते," ती म्हणाली. या वेळी ते खरं होतं.

पहिला भाग बरा गेला. दुसऱ्यात चौदाव्या प्रश्नाला दोन उत्तरं उरली आणि तिला कागद दिसला, टेबलावर, उलटा. हॉलमध्ये कुणीतरी पान उलटलं तरी तिच्या मानेवर काटा येई. वाटे, मागून कुणीतरी हलक्या पावलांनी येऊन काहीतरी ठेवून गेलं. तिने मान वर केली. शंभरेक डोकी खाली वाकलेली होती. तिने ए काळं केलं, का ते तिलाही ठाऊक नव्हतं, आणि पंधराव्याकडे गेली. मग सोळाव्याकडे. कागद तिथेही होता, पण ती थांबली नाही. या खेपेला एकही गोल कोरा सोडायचा नाही, एवढंच तिने घट्ट धरून ठेवलं. पाचवा भाग संपला तेव्हा तिची बोटं शिशाने काळी झाली होती.

शेवटी अर्ध्या तासाचा निबंध. त्याला गुण नसतात, पण पान अर्जासोबत कॉलेजकडे जातं. दोन पर्याय देतात, दोन्ही योग्य. एक निवडा आणि त्याची बाजू मांडा. बरोबर उत्तर असं काही नसतंच.

मालिनीने पान उलगडलं. एका गावच्या ग्रंथालयाला मुलांच्या वाचनवर्गासाठी एक माणूस हवा आहे. दोन उमेदवार. शिक्षण सारखं, अनुभव सारखा. पहिल्याला मुलांचं काम जास्त माहीत, दुसऱ्याला हिशेबाचं. पहिला गावातच राहतो, दुसरा बसने येणार.

ती लिहायला लागली. पहिल्याची बाजू घेतली. हात सराईतपणे चालत होता. चार ओळी झाल्या, मग दुसऱ्यातली चूक. 'दुसरा उमेदवार लांब राहतो. बसने येणाऱ्या माणसाला सकाळच्या वर्गाला नियमित उशीर होण्याची शक्यता आहे.'

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. सतरा मिनिटं उरली होती.

तिने त्या सगळ्या परिच्छेदावर एक आडवी रेघ मारली, मग दुसरी. खाली नव्याने लिहायला घेतलं. दुसऱ्याला घ्यावं. तो उशिरा येईल, तर ते घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. माहीत असूनही ज्याने चालेल म्हटलं, त्याला पुढे तोच उशीर कारण म्हणून लिहिता येत नाही. तसं लिहिलं तर ओळ खरी असेल, लिहिणारा खरा नसेल. वरिष्ठाने चालेल म्हटलेली गोष्ट ही उमेदवाराची चूक नव्हे, वरिष्ठाची जबाबदारी आहे. ती लिहीत गेली. इंग्रजी तिला इतकं सरळ कधी सुचलं नव्हतं. वेळ संपली तेव्हा पान भरलं होतं, वरचा तिसरा भाग खोडलेला, खालचा दाटीवाटीने लिहिलेला.

रवींद्र बाहेर उभा होता. गाडी सुरू व्हायच्या आत तिने त्याला सगळं सांगितलं, चिठ्ठीपासून दारातल्या बुटांपर्यंत. तो स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत राहिला.

"त्याच्याच कुकरात भात खातोय आपण," शेवटी म्हणाला. घराच्या वळणाशी आल्यावर त्याने विचारलं, "ते खोडलेलं पान कॉलेजकडे जाणार? काही दिवसांच्या आत कळवलं तर परीक्षाच रद्द करता येते ना? कॅन्सल करतेस?"

"नाही," मालिनी म्हणाली. तिने हे उत्तर लगेच दिलं, आणि त्यावर परत गेली नाही.

रविवारी तिने गिरीशला पत्र लिहिलं, हाताने, मराठीत. पत्ता शोधायला नागपूरच्या तीन मैत्रिणींना विचारावं लागलं. तो आता पुण्यात एका कंपनीत होता. निबंधात जे लिहिलं तेच तिने लिहिलं, पण आता नावं घालून. शेवटी एवढंच विचारलं, 'त्या दिवशी तो कागद मी आणला की तू?'

गुण आले एकशे अठ्ठावन्न. जूनचे धरून सरासरी फार नव्हती, पण मार्चमध्ये संध्याकाळच्या वर्गाला प्रवेश मिळाला. प्रवेशाच्या पत्राबरोबर कुणा प्राध्यापकाने हाताने एक ओळ लिहिली होती, 'खोडलेला भागही वाचला.' मालिनीने ते पत्र खणात ठेवलं.

गिरीशचं उत्तर त्याआधीच, डिसेंबरात आलं होतं, ईमेलने, रोमन लिपीतलं मराठी. चारच ओळी.

'ताई, कागद मीच आणला. उलटा ठेवला, कारण तुम्ही फोनवर माझंच नाव सांगत होता आणि तुम्हाला लाज वाटू नये असं वाटलं. दारात विचारलं ते मला माहीत नव्हतं म्हणून नाही. पत्र मिळालं. रवींद्रदादांना नमस्कार.'

मालिनीने ते पुष्कळदा वाचलं. क्षमा केली असंही त्यात नव्हतं, रागावलो असंही नव्हतं. दोन आठवणींतली एक आता गेली होती. तीन वर्षं तिला वाटत होतं, एक गेली की सुटेन. आता उरलेल्या आठवणीत माणूसही होता. ती फोनवर अक्षरं सांगते आहे, बी, एच, यू, आणि मागे तो उंच, जरा वाकून चालणारा मुलगा कागद हातात धरून तिचं संपायची वाट बघत उभा आहे. मग हलक्या हाताने ठेवतो आणि जाऊन आपल्या जागी बसतो.

वर्षं गेली. दिवसा एका पेटंटच्या ऑफिसात मदतनीस, संध्याकाळी वर्ग, असं तिचं चाललं होतं. ऑफिसात तिचा कागद छापायला गेला की ती हातातलं टाकून उठे. सहकारी हसत. "मालिनी, कुणी चोरत नाही तुझा कागद!" तीही हसे आणि चालू लागे. गिरीश दिवाळीला दोन ओळी पाठवी. लग्न झाल्याचं कळवलं, मग मुलगी झाल्याचं.

दोन हजार आठच्या डिसेंबरात, एका संध्याकाळी, जेवणाची ताटं अजून टेबलावर असताना फोन वाजला. पुण्यात सकाळचे नऊही वाजले नव्हते.

"ताई, गिरीश बोलतो. ऑफिसातून."

"इतक्या सकाळी ऑफिसात?"

"मी आठलाच येतो. अमेरिकेहून आलो तेव्हापासून." तो थांबला. "ताई, माझ्याकडे नऊ जण आहेत. एक नाव मागितलंय, दहापर्यंत. सात जणांना हात लावता येत नाही. दोन उरले."

मालिनी खुर्चीवरून उठून उभी राहिली. रवींद्रने भात वाढता वाढता तिच्याकडे पाहिलं.

"दोघंही चांगले आहेत," गिरीश म्हणाला. "कालपासून पाहून राहिलो मी. दोन्हीकडे सारखंच भरतं. एकाची आई आजारी असते, तो मधूनच घरी जातो. मीच जा म्हटलंय त्याला. ताई, तुम्ही तेव्हा काय पाहिलं होतं? मला खरंच पाहिजे. रागाने नाही विचारत."

"मी चूक शोधली," मालिनी म्हणाली. "नाव आधी ठरलं होतं. चूक मग शोधली."

"हं."

"गिरीश, ऐक. नाव द्यावंच लागणार असेल तर दे. चिठ्ठी टाक हवं तर. पण चूक शोधू नकोस. आणि ज्याचं नाव देशील त्याला आधी स्वतः सांग. समोर बसवून. त्याने दारात उभं राहून विचारायच्या आत."

मग गिरीश म्हणाला, "सांगतो. समोर बसवून सांगतो. पण ताई, फॉर्ममध्ये कारणाचा रकाना आहे. तो कोरा ठेवला तर फॉर्म पुढे जातच नाही."

मालिनीने तोंड उघडलं. चार वर्षं ती शब्द तपासायला शिकली होती, आणि या एका रकान्यात घालायला तिच्याकडे शब्द नव्हता.

"थांब," ती म्हणाली. "थांब जरा, आपण दोघं मिळून..."

"दहा वाजता पाहिजे, ताई."

ती फोन कानाशी धरून उभी राहिली. समोर कुकरातल्या भाताची वाफ निघत होती. पलीकडे, पुण्याच्या त्या ऑफिसात, कुठेतरी लांब कोपऱ्यावर प्रिंटर सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मग कागद आणायला कुणीतरी उठल्यासारखी एक खुर्ची सरकल्याचा.